घरातील कोणते उपकरण किती वीज वापरते, हे कसे मोजावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीजबिलावर महिन्याचा एकूण आकडा असतो. त्यात फ्रिजचा वाटा किती, गीझरचा किती आणि न वापरता चालू राहिलेल्या वस्तूंचा किती, हे बिल सांगत नाही. तो वाटा घरच्या घरी, फारसा खर्च न करता आणि विजेच्या तारांना हात न लावता कसा काढता येतो, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरणे प्रामुख्याने महाराष्ट्रातील घरगुती जोडणीची आहेत. मोजण्याची रीत मात्र गोव्यात किंवा देशात इतरत्रही हीच राहील.

वॅट आणि युनिट यांत नेमका फरक काय?

वॅट हा वीज वापरण्याचा वेग आहे आणि युनिट हा त्या वेगाने ठरावीक काळात झालेला एकूण वापर आहे. १००० वॅटचे उपकरण सलग एक तास चालले की एक युनिट होते. १०० वॅटच्या उपकरणाला त्यासाठी दहा तास लागतात. मीटरवर आणि बिलावर जी ‘केडब्ल्यूएच’ ही अक्षरे दिसतात ती म्हणजेच किलोवॅट-तास, म्हणजेच युनिट. पैसे युनिटचे द्यावे लागतात, वॅटचे नाही. त्यामुळे ‘हे यंत्र दोन हजार वॅटचे आहे’ एवढ्या माहितीवरून ते महाग पडेल की स्वस्त, हे ठरवता येत नाही. ७५० वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटे चालला तर महिन्याला पावणेचार युनिट होतात. दहा वॅटचा वाय-फाय राउटर चोवीस तास चालू राहिला तर महिन्याला सात युनिटांपेक्षा अधिक होतात. आवाज करणाऱ्या यंत्राकडे लक्ष जाते आणि गप्प बसलेले यंत्र दुप्पट वीज घेऊन जाते, असे अनेक घरांत घडते.

उपकरणाच्या पाटीवरील वॅट आणि वापराचे तास यांचा गुणाकार केला, तर मोजण्याची गरज काय?

काही उपकरणांच्या बाबतीत हा गुणाकार पुरेसा असतो. एलईडी बल्ब, पूर्ण वेगावर चालणारा पंखा किंवा इमर्शन रॉड ही उपकरणे चालू असताना जवळजवळ एकसारखी वीज घेतात, म्हणून त्यांचा हिशेब कागदावर मांडला तरी फारसा चुकत नाही.

अडचण येते ती स्वतःच चालू-बंद होणाऱ्या किंवा स्वतःच वेग बदलणाऱ्या उपकरणांची. इस्त्री हजार वॅटची असली तरी तापल्यावर तिचा थर्मोस्टॅट प्रवाह तोडतो आणि पुन्हा जोडतो, त्यामुळे तासभर इस्त्री केली म्हणजे एक युनिट झाले असे होत नाही. फ्रिज दिवसाचे चोवीस तास जोडलेला असतो, परंतु त्याचा कॉम्प्रेसर त्यातील काही तासच चालतो. इन्व्हर्टर एसी सुरुवातीला दीड हजार वॅट घेतो आणि खोली गार झाल्यावर तीन-चारशे वॅटवर येऊ शकतो. शिवाय पाटीवरचा आकडा अनेकदा कमाल मर्यादा दाखवतो, नेहमीचा वापर नव्हे. पंपाच्या पाटीवर तर अश्वशक्ती लिहिलेली असते आणि ती मोटरच्या दांड्यावर मिळणारी शक्ती असते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. पण मोटरमध्ये होणारा ऱ्हास धरता मीटरमधून त्याहून बरीच जास्त वीज जाते.

थोडक्यात, ज्या उपकरणाच्या बाबतीत ‘किती वेळ’ या प्रश्नाचे उत्तर आपल्याला खात्रीने देता येत नाही, ते उपकरण मोजावे.

वेगळे यंत्र विकत न घेता मोजता येते का?

येते. घराचे वीजमीटर हेच आपल्याजवळचे सर्वांत अचूक मोजयंत्र आहे, आणि ते बहुतेक जण केवळ बिलाची शंका आली की पाहतात.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्याजवळ ३२००, १६०० किंवा असाच एखादा आकडा व त्यापुढे ‘इम्प प्रति केडब्ल्यूएच’ अशी खूण छापलेली असते. ३२०० असेल तर दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट नोंदले जाते. त्यावरून त्या क्षणी घरात किती वॅटचा भार चालू आहे हे काढता येते: ११२५ या संख्येला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागावे, येणारे उत्तर वॅटमध्ये असते. मीटरवर १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्यावेत. एकाच अंतराची वेळ मोजण्यात चूक होते, म्हणून दहा अंतरांची वेळ एकदम मोजावी आणि ११२५० ला त्या सेकंदांनी भागावे. मोजणी सुरू होते ती पहिली लुकलुक ‘शून्य’ धरावी. तिला ‘एक’ म्हटले की दहाऐवजी नऊच अंतरे मोजली जातात आणि उत्तर दहा टक्क्यांहून अधिक फुगते. ही चूक इतकी सहज होते की पहिल्यांदा मोजणाऱ्याने तीच मोजणी लगेच पुन्हा करून पाहावी.

एखादे उदाहरण घेऊ. फ्रिज तेवढ्यापुरता बंद ठेवला, कारण त्याचा कॉम्प्रेसर मध्येच सुरू झाला तर सगळे गणित बिघडते. दोन पंखे आणि दिवे चालू असताना दहा अंतरांना ९० सेकंद लागले, म्हणजे भार १२५ वॅट. आता टीव्ही सुरू केला आणि दहा अंतरे ५० सेकंदांत झाली, म्हणजे भार २२५ वॅट. फरक १०० वॅटचा, आणि तो टीव्हीचा. घरातले सर्व काही बंद करण्याची गरज नाही. जे चालू आहे ते मोजणीच्या काळात न बदलता चालू राहावे, एवढेच आवश्यक आहे.

गीझरसारखा मोठा भार असेल तर दिवा इतका भराभर लुकलुकतो की डोळ्यांनी मोजणे कठीण जाते. अशा वेळी मोबाइलवर एक मिनिटाचे चित्रीकरण करून ते संथ गतीने पाहावे. ३२०० च्या मीटरवर मिनिटाला जितक्या वेळा दिवा लुकलुकेल त्या संख्येला १८.७५ ने गुणले की वॅट मिळतात. सोसायटीत मीटर तळमजल्यावरच्या मीटर-खोलीत असतात. तिथे एकाने उभे राहावे आणि दुसऱ्याने घरात फोनवर बोलत उपकरणे चालू-बंद करावीत, हे सर्वांत सोपे. अनेक मीटर एकाच फळीवर असतात, त्यामुळे आपल्या बिलावरचा मीटर क्रमांक जुळवून मगच सुरुवात करावी.

ज्यांच्याकडे स्मार्ट मीटर बसले आहे त्यांना वीज कंपनीच्या ॲपवर रोजचा किंवा त्याहून बारीक टप्प्यांतला वापर पाहता येतो. एसीची रात्र आणि बिनएसीची रात्र यांची तुलना त्यावरून चांगली होते. राउटर किंवा सेट-टॉप बॉक्ससारखा लहान भार मात्र त्या आकड्यांत ओळखू येत नाही.

घरातील सर्व काही बंद केले तरी मीटरचा दिवा लुकलुकतो. असे का होते?

आधी ‘सर्व काही’ खरोखर बंद आहे का ते तपासावे. दाराची घंटा, इन्व्हर्टर, वॉटर प्युरिफायर, माळ्यावरचा इंटरनेटचा डबा आणि भिंतीतल्या पॉइंटला कायम जोडलेला स्टॅबिलायझर या वस्तू हमखास विसरल्या जातात. त्यानंतर वितरण पेटीतील एकेक एमसीबी (फ्यूजचे काम करणारी कळ) खाली करत जावे. ज्या एमसीबीनंतर दिवा थांबतो, त्या मार्गावर शोध घ्यावा.

सर्व एमसीबी खाली करूनही लुकलुक सुरूच राहिली तर प्रकरण वेगळे आहे. बहुतेक एमसीबी फक्त फेज (वीज आत आणणारी तार) तोडतात, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. हल्लीचे मीटर वीजचोरी पकडता यावी म्हणून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांतील प्रवाह पाहतात आणि त्यांतील जो जास्त असेल त्यानुसार नोंद करतात. जुन्या इमारतीत किंवा नूतनीकरणाच्या वेळी शेजारच्या घराचा न्यूट्रल आपल्या न्यूट्रलला जोडला गेला असेल, तर शेजाऱ्याचा परतीचा प्रवाह आपल्या मीटरमधून जाऊन आपल्या बिलात धरला जाऊ शकतो. अशा वेळी मीटरवरील ‘अर्थ’ची खूण किंवा दुसरा दिवाही अनेकदा पेटलेला दिसतो. ओल आलेल्या भिंतीतून किंवा खराब झालेल्या गीझरच्या कॉइलमधून जमिनीत गळणाऱ्या प्रवाहामुळेही तीच खूण दिसते, आणि तो दोष पैशांपेक्षा जिवाच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. दोन्ही बाबतींत परवानाधारक वायरमनला बोलवावे. हे घरच्या घरी उघडून पाहण्याचे काम नाही.

प्लगमध्ये लावण्याचे मोजयंत्र घ्यावे का? घेताना काय पाहावे?

फ्रिज, वॉशिंग मशिन, संगणक यांसारखी उपकरणे काही दिवस सलग मोजायची असतील तर घ्यावे. हे यंत्र भिंतीतील सॉकेटमध्ये बसते आणि उपकरणाचा प्लग त्यात बसतो. पडद्यावर वॅट, व्होल्ट, पॉवर फॅक्टर (व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारात प्रत्यक्ष वॅटचा वाटा) आणि साठत जाणारे युनिट दिसतात. ऊर्जा-मोजणीची सोय असलेले स्मार्ट प्लगही हेच काम करतात.

घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे क्षमता: गीझर, एसी, इंडक्शन शेगडी यांसाठी १६ अँपिअरचेच यंत्र हवे, सहा अँपिअरच्या यंत्रावर अडॅप्टर लावून गीझर चालवणे हा आगीला दिलेला आमंत्रणाचा प्रकार आहे. दुसरी म्हणजे वीज गेल्यावर साठलेली नोंद टिकते का. आपल्याकडे ही बाब दुय्यम नाही. तिसरी म्हणजे लहान भारावरची अचूकता: स्वस्त यंत्रे दोन-तीन वॅटचा भार बरोबर दाखवतीलच असे नाही. परदेशातील नातेवाइकांनी आणलेले यंत्र वापरण्यापूर्वी त्यावरील व्होल्टेज वाचावे. अमेरिकेतील घरगुती सॉकेट १२० व्होल्टचे असतात; तेथील यंत्र आपल्या २३० व्होल्टवर लावले तर ते जळेल.

क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून त्याला २३० ने गुणले तर चालेल का?

गीझर, इस्त्री, टोस्टर यांना चालेल. पंखा, पंप, जुना फ्रिज, एलईडी दिवे, संगणक यांना चालणार नाही. मोटर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांत व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार प्रत्यक्ष वॅटपेक्षा जास्त येतो. तो किती जास्त येतो हे पॉवर फॅक्टरवर ठरते. पॉवर फॅक्टर ०.६ असलेल्या उपकरणाचा हिशेब अशा रीतीने केला, तर ६० वॅटचे उपकरण १०० वॅटचे भासते. घरगुती बिल प्रत्यक्ष वॅटवर आधारित असल्याने वॅट थेट दाखवणारे साधनच वापरावे. आणखी एक गोष्ट म्हणजे क्लॅम्प एकाच तारेभोवती बसावा लागतो. फेज आणि न्यूट्रल एकत्र असलेल्या वायरीभोवती तो लावला तर दोन्ही प्रवाह एकमेकांना खोडतात आणि शून्य दिसते. त्यासाठी वायर सोलण्याचा मोह होतो, तो टाळावा.

फ्रिज किती दिवस मोजावा?

किमान पूर्ण चोवीस तास, आणि शक्य असल्यास आठवडाभर. कॉम्प्रेसर किती वेळ चालेल हे खोलीच्या तापमानावर, दार किती वेळा उघडले यावर आणि आत काय ठेवले यावर अवलंबून असते. त्यातच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर अधूनमधून काही मिनिटे चालतो आणि तेवढ्या वेळात कॉम्प्रेसरपेक्षा बरीच जास्त वीज घेतो. त्यामुळे अर्ध्या तासाच्या मोजणीवरून महिन्याचा अंदाज बांधला तर तो कोणत्याही दिशेला चुकू शकतो.

समजा, चालू असताना कॉम्प्रेसर १२० वॅट घेतो आणि दिवसातील ४० टक्के वेळ चालतो. तर दिवसाला सुमारे १.१५ युनिट, म्हणजे महिन्याला ३५ च्या आसपास. हाच फ्रिज मे महिन्यात विदर्भातल्या स्वयंपाकघरात ६० ते ७० टक्के वेळ चालू राहिला तर नवल नाही. म्हणून जानेवारीतला आकडा बाराने गुणून वर्षाचा हिशेब करू नये. कॉम्प्रेसर जवळजवळ थांबतच नसेल तर दाराचे रबर, मागच्या जाळीवरची धूळ आणि भिंतीपासूनचे अंतर आधी पाहावे. या तिन्हींचा परिणाम दुरुस्तीनंतर लगेच मोजता येतो.

इन्स्टंट गीझर तीन हजार वॅटचा आणि साठवणीचा दोन हजार वॅटचा. मग इन्स्टंट महाग पडतो का?

पाणी तेवढेच आणि तापमान तेवढेच असेल तर दोन्हींना जवळजवळ सारखीच वीज लागते. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला किती ऊर्जा लागते हे ठरलेले आहे. जास्त वॅटचा गीझर तीच ऊर्जा कमी वेळात देतो, इतकेच. वीस लिटरची बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर न्यायची तर साधारण ०.३५ युनिट लागते. हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडे नळाचे पाणी १५ अंशांवर उतरले तर त्याच बादलीला ०.५८ युनिट लागते. म्हणजे चौघांच्या घरात रोज प्रत्येकी एक बादली धरली तर थंडीच्या महिन्यात गीझरचे सत्तर युनिट होऊ शकतात, आणि डिसेंबरचे बिल पंखे बंद असूनही का उतरत नाही याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

फरक पडतो तो न वापरलेल्या गरम पाण्यामुळे. साठवणीचा गीझर दिवसभर चालू ठेवला तर टाकीतून बाहेर जाणारी उष्णता भरून काढण्यासाठी तो पुन्हा पुन्हा सुरू होतो. हा ऱ्हास मोजणे सोपे आहे: पाणी पूर्ण तापल्यावर मीटरचे रीडिंग घ्यावे, एक थेंबही न वापरता गीझर रात्रभर चालू ठेवावा आणि सकाळी पुन्हा रीडिंग घेऊन त्यातून इतर चालू उपकरणांचा वापर वजा करावा. गीझरच्या स्टार लेबलवरही हाच ऱ्हास नोंदलेला असतो, पाणी तापवायला लागणारी वीज नव्हे. लेबल वाचताना हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

व्होल्टेज कमी असेल तर गीझर कमी वीज खातो, असेही विचारले जाते. २०० व्होल्टवर दोन हजार वॅटची कॉइल सुमारे दीड हजार वॅटच घेते, परंतु तेच पाणी तापवायला तेवढा अधिक वेळ लागतो. युनिट तितकेच राहतात.

एसीचा वापर कसा मोजावा?

एका क्षणाचे वॅट पाहून एसीबद्दल काहीही ठरवू नये. रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर मीटरचे रीडिंग लिहावे. मग एसी न लावलेल्या रात्रीचे रीडिंग तसेच घ्यावे. दोन्हींतला फरक म्हणजे एसीची एक रात्र. हे तीन-चार रात्री केले, आणि सोबत बाहेरचे तापमान व ठेवलेला अंश लिहून ठेवला, तर बऱ्यापैकी भरवशाचा आकडा हाती येतो.

ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सी, म्हणजेच बीईई, सांगते की एसीचे तापमान एक अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. नवे एसी सुरू करताच २४ अंशांवर असतील, असा नियम जानेवारी २०२० पासून आहे. सहा टक्के हा सर्वसाधारण अंदाज आहे. वरच्या मजल्यावर, तापलेल्या स्लॅबखाली असलेल्या खोलीत स्वतः मोजलेला फरकच ग्राह्य धरावा. खोली लहान आणि एसी मोठा, किंवा याच्या उलट, असेल तर लेबलवरचे आकडे आणि घरचे आकडे यांत मोठी तफावत पडते.

पंख्याला प्लग नसतो. तो कसा मोजावा, आणि जुना पंखा बदलणे परवडते का?

मीटरच्या दिव्याची रीत येथे उत्तम चालते. साधा छताचा पंखा पूर्ण वेगावर सुमारे ७५ वॅट घेतो, तर बीएलडीसी मोटरचा (ब्रश नसलेल्या, इलेक्ट्रॉनिक नियंत्रणावर चालणाऱ्या मोटरचा) पंखा ३० वॅटच्या आसपास. दिवसाला पंधरा तास धरले तर पहिल्याचे महिन्याला सुमारे ३४ युनिट आणि दुसऱ्याचे १३ ते १४ युनिट होतात. दिवाणखान्यातला, दिवसरात्र फिरणारा पंखा आधी बदलावा. पाहुण्यांच्या खोलीतला बदलून पैसे वसूल होण्यास कित्येक वर्षे जातील.

रेग्युलेटरबद्दलही शंका असते. जुना, डब्यासारखा, गरम होणारा रेग्युलेटर वाचलेल्या विजेचा काही भाग उष्णतेत घालवतो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तसे फारसे करत नाही. वेग एकवर आणि पाचवर ठेवून दोनदा मोजले की आपल्याकडचा कोणता आहे ते आकड्यातच कळते. छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचे झाले ते जानेवारी २०२३ पासून, त्यामुळे त्याआधीच्या पंख्यांवर ते असेलच असे नाही.

रिमोटने बंद केलेली उपकरणे किती वीज घेतात?

हे उपकरणानुसार फार बदलते. आधुनिक टीव्ही रिमोटने बंद असताना अगदी थोडी वीज घेतो. सेट-टॉप बॉक्स मात्र वेगळा: टीव्हीच्या रिमोटने फक्त टीव्ही बंद होतो आणि बॉक्स रात्रभर तसाच चालू राहतो. तो दहा वॅट घेत असेल तर महिन्याला सात युनिट होतात. याउलट, मोबाइल चार्जरविषयीची काळजी अनाठायी आहे. पाच हजार मिलिअँपिअर-तासांची बॅटरी रोज पूर्ण चार्ज केली तरी महिन्याला एक युनिटही होत नाही. प्लगमधून चार्जर काढण्यावरून घरात वाद घालण्यापेक्षा सेट-टॉप बॉक्सचे बटण भिंतीवरून बंद करणे अधिक फलदायी आहे.

इन्व्हर्टर स्वतः किती वीज खातो?

वीज जात नसलेल्या महिन्यातही इन्व्हर्टर बॅटरी भरलेली ठेवण्यासाठी थोडी वीज घेत राहतो, आणि बॅटरी जुनी झाली की हे प्रमाण वाढते. मोजताना एक सापळा आहे. वीज असताना घराचा काही भार इन्व्हर्टरमधूनच पुढे जातो. त्यामुळे इन्व्हर्टरच्या प्लगला यंत्र लावले तर त्यावर पंखे आणि दिवेही मोजले जातात. म्हणून इन्व्हर्टरवर असलेले सर्व पॉइंट बंद करून, बॅटरी पूर्ण भरलेली असताना, चोवीस तासांचा आकडा घ्यावा. लोडशेडिंगच्या काळात हिशेब आणखी बदलतो: लेड-ॲसिड बॅटरीत वीज साठवताना आणि पुन्हा काढताना इतका ऱ्हास होतो की पंख्यादिव्यांना मिळालेल्या एका युनिटसाठी मीटरवर साधारण दीड युनिट पडते.

वॉशिंग मशिन, पंप आणि इंडक्शन शेगडीचे काय?

वॉशिंग मशिन तासावर न मोजता धुण्याच्या एका फेरीवर मोजावे. थंड पाण्याची फेरी आणि हीटर लावलेली ४० किंवा ६० अंशांची फेरी यांतील फरक मोठा असतो, कारण कपडे फिरवण्यापेक्षा पाणी तापवण्यालाच जास्त वीज लागते. पंपाच्या बाबतीत टाकी एकदा भरायला किती युनिट लागतात हे लिहून ठेवावे. काही महिन्यांनी तोच आकडा वाढला तर फुटव्हॉल्व्ह किंवा पंप तपासावा. सोसायटीचा पंप आणि लिफ्ट सामायिक मीटरवर असतात, आपल्या बिलात नाही. इंडक्शन कमी आचेवर असताना बहुधा पूर्ण शक्तीने चालू-बंद होत राहते, म्हणून पडद्यावर उड्या मारणारे वॅट पाहत बसू नये. भात किंवा वरण पूर्ण शिजेपर्यंतचे युनिट पाहावेत.

स्टार लेबलवर वर्षाचे युनिट दिलेले असतात. मग मोजायचे कशाला?

लेबल दोन यंत्रांची तुलना करण्यासाठी आहे, आपल्या बिलाचे भाकीत करण्यासाठी नाही. एसीच्या लेबलवरचा वार्षिक आकडा वर्षाला १६०० तास वापर धरून काढलेला असतो. कोकणात सात महिने एसी लावणाऱ्याला आणि महाबळेश्वरात राहणाऱ्याला तो सारखाच कसा लागू पडेल? शिवाय निकष काही वर्षांनी कडक केले जातात, त्यामुळे जुने पाच स्टार आणि आजचे पाच स्टार यांची बरोबरी होत नाही. दुकानात स्टार मोजण्यापूर्वी लेबलवरचे वर्ष वाचावे आणि मग युनिटचा आकडा.

प्लगमध्ये लावायचे ‘वीज बचत यंत्र’ खरोखर बिल कमी करते का?

नाही. या डब्यात बहुधा एक कपॅसिटर आणि एक दिवा असतो. विक्रेता क्लॅम्प मीटर लावून अँपिअर कमी झालेले दाखवतो, आणि ते खरेच कमी होतात, कारण पॉवर फॅक्टर सुधारतो. परंतु घरगुती बिल अँपिअरचे नसून युनिटचे असते आणि युनिट तेवढेच राहतात. हे पडताळायला दोन मिनिटे पुरतात: पंखा चालू ठेवून मीटरच्या दहा अंतरांची वेळ घ्यावी, तो डबा लावावा आणि पुन्हा वेळ घ्यावी. मोठ्या औद्योगिक ग्राहकांची आकारणी केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे व्होल्ट आणि अँपिअर यांच्या गुणाकारावर होते, तेथे पॉवर फॅक्टरला पैशांत किंमत आहे, घरात नाही.

छतावर सौर पॅनेल असतील तर हीच रीत चालते का?

दिवसा चालत नाही. सौर जोडणीला बसवलेले नेट मीटर घर आणि वीज कंपनी यांच्यातल्या देवाणघेवाणीचीच नोंद ठेवते: पॅनेलची वीज घरातच वापरली गेली तर ती या मीटरपर्यंत येतच नाही, आणि दिवा लुकलुकत असला तरी वीज आत येते आहे की बाहेर जाते आहे हे पडद्यावरच्या खुणेवरूनच समजते. म्हणून मोजणी सूर्यास्तानंतर करावी किंवा प्लगमधले यंत्र वापरावे.

मोजलेल्या युनिटचे रुपये कसे करावेत?

एकूण बिलाला युनिटांनी भागून येणारा सरासरी दर वापरू नये. महावितरणच्या घरगुती दरांत १०० पर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि वरचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. ३०१ वे युनिट झाले की आधीची तीनशेही महाग होतात, हा समज चुकीचा आहे. मात्र याचा अर्थ असा की वाचवलेले युनिट नेहमी आपल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून वजा होते. ३४० युनिट वापरणाऱ्याने पंखा बदलून वीस युनिट वाचवले तर ती बचत ३०१ ते ५०० च्या दराने मोजावी, त्यात प्रतियुनिट वहन आकार आणि असल्यास इंधन समायोजन आकार मिळवावा आणि एकूण रकमेवर १६ टक्के वीज शुल्क धरावे. स्थिर आकार यातून वगळावा. युनिट वाचवून तो कमी होत नाही. मुंबईत बेस्ट, अदानी आणि टाटा पॉवर यांचे दर वेगळे आहेत, त्यामुळे आपल्याच बिलाच्या मागील बाजूचा तक्ता पाहावा. दोन महिन्यांची तुलना करताना बिलाच्या दिवसांनी भागून रोजचा वापर काढावा, कारण २८ दिवसांचे आणि ३४ दिवसांचे बिल समोरासमोर ठेवण्यात अर्थ नाही.

सर्व उपकरणांची बेरीज बिलापेक्षा बरीच कमी येते. मीटरच दोषी असेल का?

असू शकते, पण ती शेवटची शक्यता आहे. आधी बिलावरचे रीडिंग प्रत्यक्ष मीटरवरच्या रीडिंगशी जुळवावे. रीडिंग न घेता सरासरीने आकारलेले बिल आणि त्यानंतरचे समायोजन यामुळेच पुष्कळ गोंधळ होतो. त्यानंतर विसरलेली उपकरणे आणि वर सांगितलेला न्यूट्रलचा दोष तपासावा.

मग मीटरची घरगुती चाचणी करता येते. घरातले बाकी सर्व बंद करून गीझर किंवा दुसरा मोठा भार १६ अँपिअरच्या मोजयंत्रातून चालवावा आणि त्यावर एक-दोन युनिट होईपर्यंत घराच्या मीटरचे आरंभीचे व शेवटचे रीडिंग टिपावे. घरगुती मीटरला साधारण एक टक्क्याची मुभा असते आणि आपल्या प्लगमधल्या यंत्रालाही त्याची स्वतःची चूक असते. त्यामुळे दोन-तीन टक्क्यांच्या फरकाने काही सिद्ध होत नाही. दहा-पंधरा टक्क्यांचा फरक पुन्हा पुन्हा आला तर वीज कंपनीकडे मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज करावा आणि ठरलेले शुल्क भरून पावती घ्यावी. मीटरचे सील स्वतः काढू नये. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली मीटरमधील छेडछाड वीजचोरीत मोडते, हेतू काहीही असला तरी संशय आपल्यावरच येतो. अर्जासोबत तारीख-वेळेसह घेतलेली रीडिंग आणि त्यांची छायाचित्रे जोडावीत, आणि अहवाल समाधानकारक वाटला नाही तर तीच नोंद घेऊन ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंचाकडे जाता येते.